तिसरा पीळ

"ओरडू दे त्याला. ओरडतोय तोवर तो आपला आहे. तू हात सोडू नकोस."

हा आवाज मोठ्या सिस्टरांचा. तीस वर्षं होऊन गेली. सिस्टर गेल्या, ते तंबूतलं इस्पितळ गेलं, त्या लढाईचं नावही आता कुणी काढत नाही. आवाज तेवढा मागे राहिला. मास्तर तेव्हा एकवीस वर्षांचे मदतनीस होते, ओठांवर नुकती लव फुटलेली, आणि त्यांच्या गुडघ्याखाली एका शिपायाची मांडी धडपडत होती. शिपाई त्यांना आईवरून शिव्या घालत होता, मग हात जोडत होता, मग पुन्हा शिव्या. मास्तरांचा हात ढिला पडायला लागला की मागून तो आवाज यायचा, ना चढलेला ना उतरलेला, नळाची धार पडावी तसा एकसारखा. शिपाई वाचला. वर्षभराने कुबडी टेकत आला नि सिस्टरांना म्हणाला, शिव्या दिल्या त्याबद्दल माफ करा. सिस्टर म्हणाल्या, "मला कुठे दिल्यास? याला दिल्यास. याची माफी माग, आणि याच्या आईचीही."

आता मास्तर स्वतः शिकवतात. छावणीच्या टोकाला पत्र्याचा लांबट हॉल. आत रबरी चटया, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर ओळीने टांगलेले पट्टे. पट्टा म्हणजे दोन बोटं रुंद जाडजूड कापड आणि त्यात ओवलेली वीतभर काळी दांडी. हातापायाला मोठी जखम झाली की जखमेच्या वर हा पट्टा आवळायचा आणि दांडी फिरवायची. दांडी फिरेल तसा पट्ट्याला पीळ बसतो, आतली नस दबते, रक्त थांबतं. मग दांडी खाचेत अडकवायची नि वेळ लिहायची. ऐकायला सोपं. पण चिखलात पालथं पडून, डोक्यावरून मरण जात असताना, मित्राच्या अंगावर करायचं तर ते अंगवळणीच पडायला हवं. म्हणून सहा आठवडे हेच, सकाळ-दुपार.

"डोक्याला शिकवू नका, हाताला शिकवा," मास्तर सांगत. "डोकं तिथे पोचेपर्यंत माणूस संपतो. हात आधी पोचतो."

पोरं त्यांना पाठीमागे पट्टीमास्तर म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

हाताला शिकवायचं तर हाताला कळेल अशी भाषा हवी. मास्तरांची आई कपडे आपटताना काहीबाही गात असे. त्या चालीवर मास्तरांनी चार ओळी बांधल्या होत्या. बांधून वीस वर्षं झाली. आता त्या ओळी छावणीत कुणालाही झोपेतून उठवून विचाराव्यात:

पहिला पीळ पट्ट्याचा,
दुसरा पीळ मांसाचा,
तिसरा पीळ जिवाचा,
दांडी अडकव, वेळ लिही.

पहिल्या पिळात नुसता पट्ट्याचा सैलपणा जातो. दुसऱ्यात मांस दबतं. रक्त थांबतं ते तिसऱ्यात, मांडीला तर तिसऱ्याशिवाय नाहीच. आणि दुखतंही तिसऱ्यातच. असं दुखतं की बैलासारखा गडी चटईवर मूठ आपटतो नि ज्याने बांधलं त्याच्या सात पिढ्या काढतो.

सहा वर्षांपूर्वी एका पोराचा हात सरावात जास्त वेळ आवळलेला राहिला. दोन बोटं दोन महिने बधिर होती. पोराचे वडील कचेरीत येऊन बोलून गेले. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं, चहा दिला, आणि म्हणाले, "मास्तर, सराव म्हणजे सराव. कुणाचं अंग दुखायला नको. बाकी तुम्ही जाणते आहात." कागदावर काही नाही. कागदावर तीनच पीळ होते, अजून आहेत.

मास्तर हॉलमध्ये परतले. चाळीस पोरं चटयांवर बसली होती, मांड्यांवर पट्ट्यांचे लाल वळ घेऊन. त्यांना त्या वळांची दया आली. खरंच आली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ओरडताना ऐकून त्यांचंही मन कुठेतरी शिणलं होतं. ते म्हणाले, "आजपासून दोन पीळ हाताने, तिसरा तोंडाने. तिसरी ओळ म्हणायची आणि दांडी अडकवायची. खऱ्या वेळी तिसरा द्यायचाय, हे लक्षात ठेवा म्हणजे झालं."

पोरं खूश. तिसरी ओळ त्या दिवसापासून सगळ्यांत मोठ्याने म्हटली जाऊ लागली, पत्रा थरथरेपर्यंत. कोपऱ्यात एक रबरी पाय होता. त्यातून पंपाने लाल पाणी उडायचं, पट्टा नीट आवळेपर्यंत थांबायचं नाही. त्या पायाने मास्तरांना खोटं पाडलं असतं. पण पंप बंद पडला. दुरुस्तीसाठी तीन अर्ज गेले, तिन्हींना एकच उत्तर आलं की कार्यवाही चालू आहे. पाय कोपऱ्यात उभा राहिला, धूळ खात.

*

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीत लांब्या आणि शिट्टी ही जोडी होती. हॉलमध्ये जोड्या पाडून देत. याने त्याला बांधायचं, त्याने याला. लांब्या नावाप्रमाणे लांब, बोलायला कंजूष. शिट्टी सदा शीळ घालणारा, तोंडाला कुलूप नाही.

"मास्तर, मला जोडीदार बदलून द्या," शिट्टी म्हणायचा. "याची मांडी संपतच नाही. जखमेच्या वर बांध म्हणता, वर जाईपर्यंत माझी सुट्टी उजाडते."

"तुझी तर मांडी सापडतच नाही," लांब्या म्हणायचा. दिवसभरात तेवढंच वाक्य.

मग दोघे एकत्र गेले, एकाच ठाण्यावर. आणि सव्वा महिन्यापूर्वी एके सकाळी शिट्टीच्या मांडीत धातूचा तुकडा घुसला. लांब्या त्याच्याजवळ होता. त्याने पट्टा बांधला. मदत पोचायला चाळीस मिनिटं लागली. पट्टा नीट असता तर चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. शिट्टी पंचविसाव्या मिनिटाला गेला.

पट्टा मोहोरबंद पिशवीतून आला. दांडी खाचेत अडकलेली, घट्ट, सुटली वगैरे नव्हती. पीळ मात्र दोन. लांब्या म्हणत होता तीन. तेव्हा चौकशी बसली ती दोन गोष्टींसाठी: कामात कसूर आणि खोटी जबानी. चौकशी होईपर्यंत लांब्याला छावणीत आणून ठेवलं, आणि काम काय द्यायचं म्हणून मास्तरांच्या हॉलवर झाडलोटीला लावलं.

तो रोज सकाळी यायचा. चटया उचलायचा, झाडायचा, पुसायचा. जमिनीवर पडलेले पट्टे गुंडाळून खुंटीला लावायचा. पण बांधायचा नाही. नवी पोरं चुकत असली, तरी लांब्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

एकदा हॉल रिकामा असताना तो आपणहून बोलला.

"मास्तर, मी तिन्ही दिले."

मास्तर हजेरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणत म्हणत दिले. शिट्टीपण म्हणत होता माझ्याबरोबर. तिसरी ओळ त्यानेच जोरात म्हटली. हसत होता तो, मास्तर. म्हणाला, बघ, माझी मांडी सापडली तुला." लांब्याने हातातला झाडू भिंतीला टेकवला. "मग पिशवीत दोन कसे? साहेब म्हणतात मी घाबरलो नि आता झाकतोय. घाबरलो होतो, नाही म्हणत नाही. पण मला आठवतात ते तीन. रोज मोजतो मी. तीनच येतात."

हजेरीच्या वहीत मास्तरांची लेखणी एकाच नावावर थांबून राहिली होती. शाई पसरली.

त्यांना लगेच उमजलं होतं. पिशवीतले दोन पीळ कानावर आले त्याच दिवशी. तोंडाने तीन म्हटले होते आणि हाताने दोन केले होते, जसं या हॉलमध्ये शेकडो वेळा करून घेतलं होतं. हात आधी पोचला, आणि शिकवलं तेवढंच करून थांबला.

"चटया उन्हात टाक," मास्तर म्हणाले. "कुबट वास येतोय."

लांब्या चटया उचलून बाहेर गेला.

त्याच आठवड्यात कचेरीतून कागद आला होता. सहा रकाने. चौथा रकाना: प्रशिक्षण नियमाप्रमाणे पूर्ण झाले होते काय. मास्तरांनी तिथे 'होय' लिहिलं, खाली सही केली. सही करताना हात जराही अडला नाही, याचं त्यांना नंतर फार वाईट वाटलं. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभाची कुजबुज सुरू झाली होती. हॉलला त्यांचं नाव द्यायचं कुणीतरी सुचवलं होतं. त्यांनी मनाची समजूत घातली की गेलेला काही परत येत नाही. जिवंत आहे त्याचं काय, हा प्रश्न मात्र रोज सकाळी झाडू घेऊन दारात उभा राहायचा.

*

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि मास्तर पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिले.

"अहो, जेवा. पेल्याकडे बघून पोट भरत नाही."

"हं."

"उद्या तुम्हाला बोलवलंय का?"

"बसायचंय नुसतं. विचारलं तर सांगायचं."

"त्या लांबुळक्याचं वाईट वाटतं मला," बायको म्हणाली. तिने लांब्याला एकदाच पाहिलं होतं, मास्तरांचा विसरलेला चष्मा घेऊन तो घरी आला होता तेव्हा. दारात वाकून उभा राहिला होता, जणू चौकट त्याच्यावर ओरडली होती. "चहा घे म्हटलं तर म्हणतो, नको मावशी, माझे हात घाण आहेत. स्वच्छ होते की हात. धुऊन धुऊन सालटं निघालेली."

मास्तरांनी पेला खाली ठेवला.

"पोरीचा फोन आला होता दुपारी," बायको सांगत राहिली. "जावयांची बदली झालीय पुढच्या ठाण्यावर. रडत होती. मी म्हटलं, अगं रडतेस काय, तुझ्या बापाच्या हाताखाली शिकलेत ते. दुसऱ्या कुणाकडे शिकले असते तर गोष्ट वेगळी."

ती आत भांडी ठेवायला गेली. मास्तर ताटासमोर तसेच. थोड्या वेळाने ती परत आली, त्यांच्याकडे बघितलं, आणि ताट उचलून झाकून ठेवलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं की हा माणूस दोन कारणांनी जेवत नाही: ताप आला तर, आणि लाज वाटली तर. तिने कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं.

"काय केलंत?" तिने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

*

चौकशीची खोली लहान होती. एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडाला शाईचे डाग. टेबलामागे चौकशीसाहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून. भिंतीलगत बाकावर मास्तर. समोर उभा लांब्या. आणि दाराजवळच्या खुर्चीत शिट्टीची थोरली बहीण.

ती शिवणकाम करायची. आईबाप लवकर गेले, भावाला तिनेच वाढवलं. चाळिशीची असेल. बोटांच्या टोकांवर सुईच्या खुणा, आणि मांडीवर हातांची घडी अशी घट्ट की सुटली तर काहीतरी सांडेल.

साहेबांनी पिशवी उघडली. पट्टा टेबलावर ठेवला. कापड वाळून काळपट ताठ झालं होतं. बाईने एकदा पाहिलं आणि नजर तशीच ठेवली, फिरवली नाही.

"पीळ किती दिलेस?" साहेबांनी विचारलं.

"तीन, साहेब."

"हे किती आहेत?"

लांब्याने पट्ट्याकडे पाहिलं. "दोन."

"मग?"

"तीन दिले होते, साहेब."

कारकून लिहीत होता. साहेबांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता. "हे बघ. घाबरून चूक होते. चूक कबूल केलीस तर मी काहीतरी करू शकतो. खोटं बोललास तर माझे हात बांधले जातात. तीन म्हणू नकोस आता."

"तीन, साहेब," लांब्या म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"साहेब, मी बोलू?" बाईने विचारलं. साहेबांनी मान हलवली. "मला हे तीन न् दोन काही कळत नाही. माझा भाऊ कशाने गेला ते मला बघायचंय. याला सांगा माझ्या हाताला बांधायला. जसं त्याला बांधलं तसं."

"ताई, ते दुखतं," साहेब म्हणाले.

"दुखू दे की. आता आणखी काय दुखायचंय?"

मग साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उठले, बरोबर आणलेल्या नव्या पट्ट्यांतला एक काढला आणि लांब्यापुढे धरला. लांब्याने तो लगेच घेतला नाही. सव्वा महिन्यात त्याने एकदाही दांडी फिरवली नव्हती. बाईने कोपरावर बाही सरकवली नि टेबलाच्या कडेवर हात ठेवला, माप द्यायला ठेवावा तसा सरळ.

"घे बाबा," ती म्हणाली. "तो तुला भाऊच म्हणायचा. पत्रात असायचं."

लांब्याने पट्टा घेतला.

आणि हात चालू झाले. काय सफाईदार हात. पट्टा दंडाभोवती गेला, ओढला गेला, दांडी वळली. तो हळू आवाजात म्हणत होता, देवघरात म्हणावं तसं. पहिला पीळ पट्ट्याचा. दांडी फिरली. दुसरा पीळ मांसाचा. दांडी फिरली, बाईच्या दंडाचं मांस दबलं, तिने ओठ मिटले. तिसरा पीळ जिवाचा. दांडी सरळ खाचेत गेली, टक् आवाज झाला. दांडी अडकव, वेळ लिही.

त्याने हात मागे घेतले. "हे असं," तो म्हणाला. "तीन."

बाई आपल्या दंडाकडे बघत होती. तिने मान तिरकी केली, शिलाई तपासावी तशी.

"दोन आहेत," ती म्हणाली.

"नाही, ताई. तीन."

"अरे, आयुष्य गेलं माझं दोऱ्याचे पीळ मोजण्यात. दोन आहेत."

लांब्या खाली वाकला. बोट लावून मोजलं. पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यावर काहीच उरलं नाही. त्याने स्वतःचे दोन्ही हात वर उचलून डोळ्यांसमोर धरले, जणू ते कुणीतरी त्याच्या नकळत बदलले होते.

"मी मारला त्याला," तो म्हणाला. "साहेब, लिहा. मीच मारला. मी खोटा आहे, मला कळत नाही मी काय करतो."

बाईने दंडावरचा पट्टा सोडवला नव्हता. तिचा हात लाल होऊन फुगत चालला होता. हे मास्तरांना दिसत होतं, जसं लढाईत कुणालातरी दिसलं असेल: पीळ पुरा न बसलेला पट्टा, आणि आत रक्त चालूच.

साहेबांनी सुस्कारा सोडला. कारकुनाला म्हणाले, "लिही. आरोपीने प्रात्यक्षिकात तीच चूक केली. जबानीत विसंगती मान्य केली. मानसिक..." ते थांबले, शब्द शोधू लागले. "मास्तर, प्रशिक्षणाबद्दल तुमचं लेखी आहेच. आणखी काही?"

कारकुनाची लेखणी वर होती. मास्तरांनी 'काही नाही' म्हणायला तोंड उघडलं. तो शब्द त्यांच्या इतका सवयीचा झाला होता की जिभेवर येऊन बसलाच होता. त्यांनी तो गिळला.

ते पुढे झाले. आधी बाईच्या दंडावरची दांडी खाचेतून काढली, पट्टा सैल केला, दंड चोळून दिला. मग लांब्याचे वर धरलेले हात आपल्या हातांनी खाली घेतले आणि सोडले नाहीत.

"साहेब, चौथ्या रकान्यात मी होय लिहिलंय ते खोटं आहे. ते खोडा, नि आता सांगतो ते लिहा." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण कारकून लिहू लागला. "हा खोटं बोलत नाही. याने केलं ते मी शिकवलं तसंच केलं, एका बोटाचाही फरक नाही. सहा वर्षांपूर्वी मी ठरवलं की तिसरा पीळ सरावात द्यायचा नाही, दुखतो म्हणून. कुणी लेखी सांगितलं नव्हतं. मी ठरवलं. सहा वर्षांत माझ्या हॉलमधून गेलेल्या प्रत्येक पोराचा हात दुसऱ्यावर थांबतो, आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नाही. त्यांना आजच कळवा, माझं काय करायचं ते नंतर बघा."

मास्तर बाईकडे वळले. तिची नजर त्यांच्यावर होती, कोरडी, एकटक. तिच्याकडून माफीची आशा नव्हती, आणि त्यांनी मागितलीही नाही.

"ताई, तुमच्या भावाला याने नाही मारलं," मास्तर म्हणाले. "तिसरा पीळ मी यांना द्यायला शिकवलाच नाही. फक्त म्हणायला शिकवला."